पलीकडे कोण बसले आहे?

शाळेतील संगणक चालेनासा होतो. दुरुस्त करणारा तालुक्याच्या गावी, तीस किलोमीटर दूर. सर त्याला फोन लावतात. तो म्हणतो, "सर, मी सांगतो ते सॉफ्टवेअर उतरवून घ्या आणि पडद्यावर जो आकडा येईल तो मला वाचून दाखवा." सर आकडा वाचतात. थोड्या वेळाने पडद्यावरचा बाण कोणी हात न लावता हलू लागतो. खिडक्या उघडतात, मिटतात, काही अक्षरे आपोआप उमटतात आणि दहा मिनिटांत बिघाड दूर होतो. भोवती जमलेली मुले विचारतात, "सर, हे कसं झालं?"

मुलांच्या प्रश्नाबरोबर सरांचाही एक प्रश्न असतो. दुसऱ्या ठिकाणचा संगणक आपल्या जागेवरून चालवू देणारी अशी सॉफ्टवेअरे आज पुष्कळ आहेत. त्यांपैकी शाळेने कोणते निवडावे? एखादे नाव सांगून मोकळे होणे सोपे आहे. पण नावे चार-दोन वर्षांत बदलतात. निवड कशाच्या आधारावर करायची, ते मात्र फारसे बदलत नाही. ते समजण्यासाठी आपण या तंत्राचा इतिहास पाहू. मुलांच्या प्रश्नाचे उत्तरही त्यातच मिळेल.

तारेच्या टोकाला गणितयंत्र

ही गोष्ट सुरू होते ती आज ज्याला आपण संगणक म्हणतो तो जन्माला येण्यापूर्वी. अमेरिकेतील बेल टेलिफोन प्रयोगशाळेत जॉर्ज स्टिबिट्झ नावाचे गणिती होते. टेलिफोनच्या जाळ्याची रचना करताना संमिश्र संख्यांचे गुणाकार-भागाकार सतत करावे लागत आणि ते करण्यात माणसांचे दिवसच्या दिवस जात. स्टिबिट्झ यांनी १९३७ मध्ये घरी, स्वयंपाकघरातील टेबलावर, टेलिफोनचे जुने रिले, पत्र्याच्या पट्ट्या आणि बॅटरीचे छोटे दिवे जोडून दोन द्विमान अंकांची बेरीज करणारे मंडल तयार केले. त्यातूनच पुढे प्रयोगशाळेत सुमारे ४५० रिले असलेले संमिश्र संख्यांचे गणितयंत्र उभे राहिले आणि १९४० च्या आरंभी ते कामाला लागले.

हे यंत्र एका खोलीत होते आणि ते वापरणारे वेगवेगळ्या खोल्यांत. त्यांच्यासाठी तीन ठिकाणी टेलिप्रिंटर बसवले होते. एका वेळी मात्र एकालाच काम करता येई. तार एका खोलीतून दुसऱ्या खोलीत नेता येते, तर एका गावातून दुसऱ्या गावात का नेता येऊ नये? ११ सप्टेंबर १९४० रोजी डार्टमथ कॉलेजात गणितज्ञांची परिषद भरली होती. स्टिबिट्झ यांनी तेथे एक टेलिप्रिंटर मांडला. यंत्र होते तेथून सुमारे चारशे किलोमीटर दूर, न्यूयॉर्कमध्ये. श्रोत्यांनी उदाहरणे टाइप केली, ती तारेने न्यूयॉर्कला गेली आणि उत्तरे डार्टमथला कागदावर उमटली. श्रोत्यांत नॉर्बर्ट वीनर होते, आणि पुढे एनिॲक हा संगणक उभारण्यात ज्यांचा मोठा वाटा होता ते जॉन मॉकलीही होते. दूर असलेले गणितयंत्र चालवण्याचे हे पहिले जाहीर प्रात्यक्षिक.

त्या दिवशी "पलीकडे कोण आहे?" असा प्रश्न कोणी विचारला नाही. विचारण्याचे कारणही नव्हते. तार याच कामासाठी जोडलेली होती आणि तिच्या दोन्ही टोकांना बेल प्रयोगशाळेचीच माणसे होती.

एकशिक्षकी शाळा

हा प्रश्न निर्माण झाला तो एकाच यंत्रावर अनेकांना बसण्याची सोय झाली तेव्हा. १९६० च्या सुमारास संगणक एवढे महाग होते की तो एकट्या माणसाच्या हाती देणे परवडत नसे. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये फर्नांडो कॉर्बाटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नोव्हेंबर १९६१ मध्ये एक युक्ती करून दाखवली. एकशिक्षकी शाळा चालवलेल्या शिक्षकांना ती लगेच कळेल. एकाच खोलीत चार इयत्ता असतात. शिक्षक पहिलीला अक्षर गिरवायला देतात, दुसरीला पाढा देतात, तिसरीचे गणित पाहतात आणि पुन्हा पहिलीकडे वळतात. ही फेरी पुरेशी वेगाने झाली तर प्रत्येक मुलाला गुरुजी आपलेच वाटतात. संगणक ही फेरी सेकंदाच्या अंशांत करतो, त्यामुळे प्रत्येक टर्मिनलवर बसलेल्याला संपूर्ण यंत्र आपल्याच हाती आहे असे वाटते. या पद्धतीला कालविभाजन म्हणतात.

पण आता एकाच यंत्रात अनेकांची कागदपत्रे आली. कोणाची कोणती हे ठरवायचे, तर समोरचा माणूस कोण ते यंत्राला कळायला हवे. म्हणून कॉर्बाटो यांच्या गटाने प्रत्येकाला परवलीचा शब्द दिला. संगणकाच्या दाराला लागलेले हे पहिले मोठे कुलूप. ते फार काळ अभेद्य राहिले नाही. ॲलन शेर नावाच्या संशोधक विद्यार्थ्याला वाट्याला आलेला वेळ पुरत नव्हता. १९६२ मध्ये त्याने पंच-कार्डाने विनंती करून परवलीच्या शब्दांची सगळी यादीच छापून घेतली. पुढे अनेक वर्षांनी त्याने स्वतःच ही गोष्ट सांगितली. कुलूप भक्कम होते, पण किल्ल्यांचा जुडगा दारापाशीच टांगलेला होता.

याच पद्धतीने शाळांच्या दारापर्यंत संगणक पोचला. १ मे १९६४ रोजी पहाटे त्याच डार्टमथ कॉलेजात जॉन केमेनी आणि टॉमस कुर्ट्झ यांच्या विद्यार्थ्यांनी दोन टर्मिनलांवरून एकाच वेळी बेसिक भाषेतील आज्ञावल्या चालवल्या. ही भाषा त्यांनी विज्ञानाच्या वाटेला न जाणाऱ्या मुलांसाठी मुद्दाम सोपी केली होती. त्या दशकाच्या उत्तरार्धात आसपासच्या शाळांतही टेलिफोनच्या तारेने जोडलेली टर्मिनले आली. संगणक कॉलेजात आणि मुले आपापल्या शाळेत, अशी ती सोय होती.

तीन टर्मिनले, तीन भाषा

आतापर्यंत प्रत्येक यंत्राला आपापली तार होती. १९६६ मध्ये अमेरिकेच्या संरक्षण खात्यातील संशोधन संस्थेत बॉब टेलर काम करत. त्यांच्या कचेरीशेजारी तीन टर्मिनले होती. एक मॅसॅच्युसेट्सच्या, दुसरे बर्कलेच्या आणि तिसरे सांता मोनिकाच्या संगणकाला जोडलेले. एकावरचे काम संपवून दुसऱ्या यंत्रावर जायचे तर खुर्ची बदलायची आणि आज्ञाही बदलायच्या. टेलर यांना वाटले की टर्मिनल एकच असावे आणि त्यावरून हव्या त्या यंत्राकडे जाता यावे. या विचारातून अर्पानेट हे जाळे उभे राहिले. इंटरनेट हा त्याचाच पुढचा विस्तार.

अर्पानेटवरून गेलेला पहिला संदेश कोणता? तो शुभेच्छेचा किंवा बातमीचा नव्हता. २९ ऑक्टोबर १९६९ च्या रात्री लॉस एंजेलिसच्या विद्यापीठातून चार्ली क्लाइन या विद्यार्थ्याने स्टॅनफर्ड संशोधन संस्थेच्या संगणकात प्रवेश मिळवण्यासाठी "लॉगिन" हा इंग्रजी शब्द टाइप करायला घेतला. दोन्ही टोकांची माणसे टेलिफोनवर एकमेकांशी बोलत होती. "एल" पोचला, "ओ" पोचला, "जी" दाबताच पलीकडचे यंत्र बंद पडले. तासाभराने पुन्हा प्रयत्न झाला आणि तो यशस्वी ठरला. म्हणजे इंटरनेटच्या पूर्वजाने केलेले पहिले काम दूरच्या संगणकात शिरण्याचेच होते.

या कामासाठी टेलनेट नावाची संकेतपद्धती तयार झाली. तिच्यातील कल्पना वर्गात सांगण्याजोगी आहे. समजा, दहा प्रकारची टर्मिनले आणि दहा प्रकारचे संगणक आहेत. प्रत्येक जोडीसाठी वेगळा दुभाषी ठेवला तर शंभर दुभाषी लागतील. त्याऐवजी मध्ये एक काल्पनिक टर्मिनल मानायचे. प्रत्येकाने आपली भाषा आणि त्या काल्पनिक टर्मिनलची भाषा एवढ्या दोनच भाषा शिकायच्या. मग वीस दुभाष्यांत काम भागते.

भारतात सर्वसामान्य माणसाला इंटरनेट मिळाले ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी, विदेश संचार निगमाकडून, मुंबईसह मोजक्या शहरांत. त्या वेळी अनेकांनी घेतलेले 'शेल' खाते ज्यांना आठवत असेल त्यांनी हा अनुभव स्वतः घेतला आहे. मोडेमच्या किंचाळीनंतर काळ्या पडद्यावर अक्षरे उमटत. ती अक्षरे निगमच्या संगणकावरची असत. आपला घरचा संगणक तेवढा वेळ नुसते टर्मिनल होऊन बसे. पत्रे यायची ती निगमच्या यंत्रात, आपण ती दुरून वाचत असू.

पोस्टकार्ड आणि पाकीट

टेलनेटमध्ये एक मोठी उणीव होती. त्यातून जाणारे प्रत्येक अक्षर जसेच्या तसे जाई, परवलीचा शब्दसुद्धा. पोस्टकार्डावरचा मजकूर वाटेतल्या कोणालाही वाचता यावा तसेच हे होते. जाळ्यावर माणसे थोडी आणि परस्परांच्या ओळखीची होती तोवर हे खपून गेले. पुढे जाळे वाढले. एकाच केबलवर जोडलेल्या संगणकांपैकी एखाद्यावर चोरून ऐकणारी आज्ञावली बसवली की इतरांचे परवलीचे शब्द आपोआप जमा होऊ लागले. १९९५ मध्ये फिनलंडमधील हेलसिंकी तंत्रविद्यापीठाच्या जाळ्यात असेच घडले. तेथील संशोधक टाटू युलोनेन यांनी त्याच वर्षी जुलैमध्ये यावर तोड म्हणून 'सिक्युअर शेल' ही पद्धती जाहीर केली. जाळ्यावरील प्रत्येक सेवेला एक दारक्रमांक असतो. फाइल-वाहतुकीचा २१, टेलनेटचा २३ आणि मधला २२ मोकळा होता. युलोनेन यांनी तो मागितला आणि त्यांना तो मिळाला.

आता मजकूर पाकिटात बंद झाला. पण पाकीट उघडण्याची किल्ली दोन्ही टोकांना कशी पोचवायची? किल्ली त्याच तारेवरून पाठवली तर तीही चोरली जाईल. १९७६ मध्ये डिफी आणि हेलमन यांनी प्रसिद्ध केलेल्या गणिती युक्तीचा येथे उपयोग होतो. तिचे गणित वेगळे आहे, पण त्यामागचा विचार डबा आणि दोन कुलुपे घेऊन दाखवता येतो. सीमाने डब्यात चिठ्ठी ठेवून आपले कुलूप लावावे आणि डबा रमेशकडे पाठवावा. रमेशला तो उघडता येणार नाही. त्याने आपलेही कुलूप लावून डबा परत पाठवावा. सीमाने स्वतःचे कुलूप काढून डबा पुन्हा रमेशकडे पाठवावा. आता त्यावर फक्त रमेशचे कुलूप आहे, ते त्याने उघडावे. चिठ्ठी पोचली, पण किल्ली कोणाचीच प्रवासाला निघाली नाही.

हा प्रयोग करताना डबा नेणाऱ्या मुलाला आधी गुपचूप एक कुलूप देऊन ठेवा. तो वाटेतच आपले कुलूप लावून डबा सीमाकडे परत आणील, सीमा आपले कुलूप काढील आणि चिठ्ठी तिसऱ्याच्याच हाती पडेल. दुसरे कुलूप रमेशचेच आहे हे सीमाला कसे कळावे? म्हणूनच सिक्युअर शेलने नव्या यंत्राशी प्रथम संबंध जोडताना ते यंत्र आपला ठसा दाखवते आणि "हे ओळखीचे आहे का?" असे विचारले जाते. बहुतेक लोक न वाचताच "होय" म्हणतात. गणिताने वाटेवरचा चोर अडवला, पण ओळख पटवण्याचे काम शेवटी माणसाकडेच राहिले.

चित्राचा प्रवास

आतापर्यंत तारेवरून फक्त अक्षरे जात होती. खिडक्या, चित्रे आणि माऊस आल्यावर अक्षरे पुरेनात. संपूर्ण पडदा दूरवर पाठवणे किती कठीण होते याचा हिशेब मुलांकडून करून घ्यावा. १०२४ गुणिले ७६८ ठिपक्यांचा पडदा म्हणजे ७,८६,४३२ ठिपके. प्रत्येक ठिपक्याच्या रंगासाठी तीन बाइट धरले तर २३,५९,२९६ बाइट होतात. १९९० च्या दशकाअखेरचा चांगला मोडेम सेकंदाला ५६,००० बिट, म्हणजे ७,००० बाइट पाठवी. एकच पडदा जायला ३३७ सेकंद, साडेपाच मिनिटांहून अधिक!

केंब्रिजमधील ऑलिव्हेटी संशोधन प्रयोगशाळेत अँडी हॉपर, क्वेंटिन स्टॅफर्ड-फ्रेझर, ट्रिस्टन रिचर्डसन आदींनी यावर काम केले आणि १९९८ मध्ये 'व्हीएनसी' ही आज्ञावली सर्वांसाठी खुली केली. तिची मूळ आज्ञा एका वाक्यात सांगता येते : अमुक ठिकाणी या ठिपक्यांचा आयत ठेव. पडद्याचा जेवढा भाग बदलला तेवढाच पाठवायचा. १६ गुणिले १६ ठिपक्यांचा चौकोन बदलला तर ७६८ बाइट पुरतात आणि ते त्याच मोडेमवरून सेकंदाच्या नवव्या हिश्शात जातात. खिडकी सरकवली तर ठिपके पाठवायचेच नाहीत, "तिथले उचल, इथे ठेव" एवढेच कळवायचे. उलट दिशेने फक्त माऊसची जागा आणि दाबलेली कळ कळवायची. सरांच्या पडद्यावरचा बाण हलतो तो याच तत्त्वाने. मात्र मूळ व्हीएनसीत परवलीच्या शब्दाची आठच अक्षरे मोजली जात आणि चित्रे उघड्यावरून जात. म्हणून ती सिक्युअर शेलच्या पाकिटात घालून पाठवावी असे सांगितले जाई. दार पुन्हा आधी उघडले होते, कुलूप मागून आले.

त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टनेही विंडोजची दुरून वापरता येणारी आवृत्ती आणली आणि २००१ च्या विंडोज एक्सपीपासून ती सोय टेबलावरच्या संगणकातही आली. या सोयीत सापडलेल्या एका छिद्रासाठी मे २०१९ मध्ये कंपनीने दुरुस्ती पाठवली. पाठिंबा पाच वर्षांपूर्वीच थांबवलेल्या एक्सपीसाठीसुद्धा ती द्यावी लागली, एवढे ते छिद्र धोक्याचे होते.

मध्यस्थ आणि आकडा

राहिला सरांनी वाचून दाखवलेला आकडा. इंटरनेटच्या जुन्या पद्धतीत पत्ते सुमारे ४३० कोटीच आहेत आणि संगणक त्याहून कितीतरी अधिक. म्हणून शाळेतील सगळे संगणक एकाच पत्त्याआड राहतात. वसतिगृहात एकच टेलिफोन असावा तसे हे आहे. मुलांना बाहेर फोन करता येतो, पण बाहेरच्याला थेट एका मुलापर्यंत पोचता येत नाही. यावर उपाय असा की दोन्ही टोकांनी मधल्या एका केंद्राला फोन करावा आणि केंद्राने दोघांना जोडून द्यावे. २००५ मध्ये जर्मनीत निघालेल्या टीमव्ह्यूअरने आणि त्यासारख्या इतर सॉफ्टवेअरांनी हीच वाट रुळवली. आकडा म्हणजे त्या केंद्रापाशी नोंदलेला आपला क्रमांक. त्याच्या जोडीला परवलीचा शब्द किंवा आपण दिलेली संमती लागते.

सोय मोठी झाली, पण विश्वास ठेवण्याची ठिकाणे वाढली. आता मधल्या कंपनीवरही विश्वास ठेवायचा. जानेवारी २०१२ मध्ये सिमँटेक कंपनीने आपल्या 'पीसीएनीव्हेअर' या जुन्या दूरनियंत्रण सॉफ्टवेअरच्या ग्राहकांना दुरुस्ती येईपर्यंत ते बंद ठेवायला सांगितले, कारण त्याची मूळ संहिता २००६ मध्येच चोरीला गेली होती. आणि फेब्रुवारी २०१९ मध्ये आपल्या रिझर्व्ह बँकेने अशाच एका ॲपच्या आडून होणाऱ्या फसवणुकीबद्दल बँकांना सावध केले. त्या फसवणुकीत कोणतेही कुलूप फोडावे लागत नव्हते. "बँकेतून बोलतोय" असे सांगून आकडा विचारायचा आणि मोबाइलच्या मालकाकडूनच दार उघडून घ्यायचे, एवढेच.

निवडताना

हा सारा इतिहास समोर ठेवला तर निवडीचे प्रश्न आपोआप पुढे येतात. तारेवरून जाणारा मजकूर पाकिटात जातो की पोस्टकार्डावर? दार फक्त आपण उघडू तेव्हाच उघडते की आपण घरी गेल्यावरही उघडे राहते? पलीकडचा माणूस कोण हे परवलीच्या शब्दाशिवाय आणखी एखाद्या खुणेने पटवता येते का? मध्ये कोण आहे आणि छिद्र सापडले तर तो लगेच कळवतो का? दुरुस्त्या अजून येतात की बंद झाल्या? मधले केंद्र टाळून शाळेच्या आवारातल्या जाळ्यातच काम भागते का? ज्या सॉफ्टवेअरबद्दल या प्रश्नांची उत्तरे समाधानकारक मिळतील ते निवडावे, फुकट असो की विकतचे. वेग, रंग, सजावट यांचा विचार त्यानंतर. काम संपताच ते बंद करावे. ज्या संगणकावर निकाल, मुलांची माहिती किंवा पगाराचे कागद असतील तेथे दुरुस्ती चालू असताना समोरून उठू नये.

स्टिबिट्झ यांच्या टेलिप्रिंटरपासून आजपर्यंत अंतर मिटवण्याचे काम दरवेळी साधले. अडचण आली ती पलीकडच्याची ओळख पटवण्यात, आणि त्यासाठी सॉफ्टवेअर आपल्याला मदत तेवढी करते. आपण सुरुवातीला पाहिलेल्या प्रसंगात सरांनी आकडा निर्धास्तपणे सांगितला आणि ते योग्यच होते, कारण माणूस ओळखीचा होता आणि फोन सरांनी लावला होता. समजा, उद्या फोन समोरून आला, आवाज तितकाच अदबीचा आहे आणि आकडाही तोच मागितला जातो आहे. सॉफ्टवेअरच्या दृष्टीने या दोन प्रसंगांत काहीही फरक नाही. तो फरक सरांनाच करावा लागेल, आणि मुलांना शिकवावाही लागेल.